राजधान्यांचा मराठी पत्तासंच: मांडणी उत्तम, दुरुस्ती आवश्यक

पुण्यात अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात जगाच्या राजधान्यांचा मराठी पत्तासंच मिळाला. प्रत्येक पत्त्यावर एका बाजूस देशाचा आराखडा असून दुसऱ्या बाजूस राजधानीचे नाव, जवळची नदी, समुद्रसपाटीपासूनची उंची, राजधानी झाल्याचे वर्ष आणि आधीची राजधानी दिली आहे. नुसती नावे पाठ करून घेणारे संच पुष्कळ मिळतात; राजधानी याच ठिकाणी का, असा प्रश्न मुलांना पडावा अशी मांडणी मात्र क्वचितच आढळते.

ब्राझील आणि नायजेरिया यांचे पत्ते शेजारी ठेवून पाहावेत. रिओ दि जानेरो आणि लागोस ही दोन्ही जुन्या राजधानीची शहरे किनाऱ्यावरची बंदरे आहेत. ब्राझीलने वस्ती आणि विकास देशाच्या अंतर्भागात पोचावा म्हणून पठारावर ब्रासीलिया हे शहर नव्याने वसवले आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानी तेथे नेली. नायजेरियाने हौसा, योरुबा आणि इग्बो या तीन मोठ्या समाजांपैकी कोणालाही झुकते माप मिळू नये यासाठी १९७६ मध्ये देशाच्या मध्यावरील अबुजाची जागा ठरवली आणि १९९१ मध्ये प्रत्यक्ष स्थलांतर केले. पाकिस्तानच्या कराची-इस्लामाबाद आणि म्यानमारच्या यांगून-नेपिडॉ या जुन्या-नव्या राजधान्यांच्या जोड्याही मुले मग आपणहून शोधू लागतात.

संचाचा मोठा दोष म्हणजे एका देशाला एकच राजधानी असते हे त्यात गृहीत धरले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पत्त्यावर केवळ प्रिटोरिया आहे. संसदेचे केप टाउन आणि सर्वोच्च अपील न्यायालयाचे ब्लूमफाँटेन यांचा उल्लेखही नाही. १९१० मध्ये चार वसाहतींचा संघ होताना झालेल्या तडजोडीतून ही विभागणी झाली, आणि ती गाळली की त्या देशाच्या इतिहासाचा गाभाच हरवतो. बोलिव्हियासाठी ला पाझ छापले आहे, परंतु संविधानानुसार राजधानी सुक्रे आहे. कझाकस्तानच्या पत्त्यावर अजून नूर-सुलतान आहे. २०२२ मध्येच त्या शहराला अस्ताना हे नाव परत मिळाले.

भारताच्या पत्त्यावर डिसेंबर १९११ मध्ये राजधानी कोलकात्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाल्याची नोंद आहे, ती योग्यच आहे. तथापि दिल्लीचा पूर्वेतिहास तेथे एका ओळीत आटोपला आहे. बादशहा शाह आलम दुसरा जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीत परतला तो मराठ्यांच्या लष्करी पाठबळावर, आणि त्यात महादजी शिंदे यांचा वाटा मोठा होता; मराठी संचात ही नोंद असायलाच हवी होती.

कागद जाड आहे, छपाई सुवाच्य आहे. पाचवीच्या पुढील मुलांसाठी संच जरूर घ्यावा, मात्र शेजारी अद्ययावत नकाशासंग्रह असू द्यावा. प्रकाशकांनी चुकलेले पत्ते नव्याने छापून जुन्या ग्राहकांनाही स्वतंत्रपणे उपलब्ध करून द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.