मुलांच्या फ्रेंच वर्गातली ‘माझी शाळा’ : एका निवृत्त शिक्षिकेचा अभिप्राय

पुण्यात आमच्या भागात एक मादाम राहत्या घरी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवतात. माझी नात तिथे जाते. मुलं आतल्या खोलीत बसतात, सोबत आलेली मोठी माणसं हॉलमध्ये, आणि मधलं दार उघडं असतं. त्यामुळे आपली शाळा फ्रेंचमध्ये सांगायची, हा त्यांचा पहिला मोठा पाठ मला पूर्ण ऐकता आला. महापालिकेच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत चौथीला शिकवलं. ‘माझी शाळा’ या निबंधाशी माझं जुनं नातं आहे. म्हणून मत आधी सांगते. या वर्गाला मुलांना जरूर घाला. पाठाचा पहिला भाग मी पाहिलेल्या उत्तम भाषा-अध्यापनात मोडतो. शेवटचा भाग मात्र बदलायला हवा, आणि तो का, तेही लिहिते.

सुरुवात पुस्तकाने झाली नाही. मादामनी प्रत्येकाला ड्रॉइंग पेपर दिला आणि आपापल्या शाळेचा नकाशा काढायला लावला. फाटक कुठे, मैदान कुठे, पाण्याचे नळ कुठे. बहुतेक मुलींनी सर्वांत आधी स्वच्छतागृह काढलं. मादामनी ते जराही टाळलं नाही. ‘ले त्वालेत’ म्हणून फळ्यावर आणलं आणि पुढे गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी शाळा, चालवली, ती मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात करण्यासाठीच. परकी भाषा शिकवतानाही तेच धोरण चालतं, हे इथे डोळ्यांनी दिसलं.

मग एकच वाक्यरचना दिली: ‘इल्या’, म्हणजे अमुक आहे. निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. मराठीत एक खिडकी आहे आणि चार खिडक्या आहेत, क्रियापद बदलतं. फ्रेंचमध्ये वस्तू एक असो की शंभर, ‘इल्या’ तसंच राहतं. नवशिक्या मुलाला पहिल्याच दिवशी नकाशावर बोट ठेवून वाक्य पूर्ण करता येतं. वीसेक मिनिटांत आतल्या खोलीतून वाक्यांचा कलकलाट सुरू झाला, आणि त्यात कोणी कोणाचं ऐकून म्हणत नव्हतं, कारण प्रत्येकाची शाळा वेगळी.

लिंगाचा भाग मला सर्वांत आवडला. फ्रेंचमध्ये दोनच लिंगं, नपुंसकलिंग नाही. ‘मोठा वर्ग, मोठी खिडकी, मोठं मैदान’ असं विशेषण बदलण्याची सवय मराठी मुलाला घरातूनच असते, तेव्हा विशेषण का बदलायचं, हे समजावण्यात वेळ जात नाही. अडचण येते ती वस्तूंची लिंगं जुळत नाहीत तिथे. आपली वही स्त्रीलिंगी, त्यांची ‘काये’ पुल्लिंगी. आपलं दार नपुंसक, त्यांचं ‘पोर्त’ स्त्रीलिंगी. यावर मादामची पद्धत साधी आहे: कोणताही शब्द एकटा द्यायचा नाही. ‘काये’ नाही, ‘अं काये’, म्हणजे एक वही. ‘पोर्त’ नाही, ‘यून पोर्त’, म्हणजे एक दार. पुल्लिंगी वस्तूंना निळी चिठ्ठी, स्त्रीलिंगी वस्तूंना लाल, आणि मुलांनी त्या मादामच्या घरभर चिकटवल्या. हॉलमधल्या माझ्या खुर्चीलाही लाल चिठ्ठी लागली.

विशेषणांचा सराव त्यांनी आधी कानाने घेतला. लहान म्हणजे पुल्लिंगी ‘पती’ आणि स्त्रीलिंगी ‘पतीत’. हिरवा ‘व्हेर’, हिरवी ‘व्हेर्त’. मोठा ‘ग्रां’, मोठी ‘ग्रांद’. या सगळ्या जोड्यांत पुल्लिंगी रूपाच्या शेवटचं व्यंजन गिळलं जातं आणि स्त्रीलिंगी रूपात ते ऐकू येतं. मादाम शब्द म्हणत आणि शेवटचं व्यंजन ऐकू आलं की मुलांनी हात वर करायचा. नियम कोणी सांगितलाच नाही. पुढच्या वेळेपर्यंत मुलांनी तो स्वतः शोधून काढला. माझ्या नातीने तर विचारलं की शाळा, म्हणजे ‘एकोल’, स्त्रीलिंगी आहे, मग ‘माझी’साठी ‘मा’ सोडून पुल्लिंगी ‘मों’ का म्हणायचं? मादाम म्हणाल्या, “‘मा एकोल’ असं चार वेळा भरभर म्हणून बघ.” दोन स्वर एकमेकांवर आपटतात हे तिच्या जिभेलाच कळलं. ‘मोनेकोल’ कसं सरळ वाहतं! असं उत्तर देणारी शिक्षिका मिळायला भाग्य लागतं.

उच्चारांवर त्या कडक आहेत आणि ते योग्यच आहे. खुर्चीखाली म्हणजे ‘सू ला शेज’ आणि खुर्चीवर म्हणजे ‘स्यूर ला शेज’. दुसऱ्यातला स्वर आपल्याकडे नाही. ‘ई’ म्हणत राहायचं आणि शिटी वाजवताना करतो तसे ओठ गोल करायचे, हा त्यांचा उपाय. मग खोडरबर लपवायचा खेळ. खाली आणि वर यांत गोंधळ झाला तर खोडरबर सापडत नाही, तेव्हा स्वर नीट काढण्यावाचून मुलांना गत्यंतर नसतं. वहीत फ्रेंच शब्द देवनागरीत लिहायला त्या देत नाहीत. इथे मी लिहिलेत ते केवळ अंदाज यावा म्हणून, मुलांना त्यावरून शिकवू नका.

नकार शिकवण्यासाठी शाळेत काय नाही ते विचारलं. ‘इल निया पा द पिसीन’, पोहण्याचा तलाव नाही. मग लिफ्ट नाही, हत्ती नाही. या हत्तीने सगळ्यांना इतकं हसवलं की नकारात ‘अं’ आणि ‘यून’ जाऊन तिथे ‘द’ येतो, हे कायमचं बसलं.

एवढं झाल्यावर फ्रान्समधली शाळा आली, आणि या क्रमामुळेच ती मुलांना भिडली. तिथे अकराव्या वर्षी मूल ‘सिझिएम’मध्ये, म्हणजे सहावीत जातं, पण पुढच्या वर्षी पाचवीत, मग चौथीत, तिसरीत. आकडे उतरत जातात आणि शेवटचं वर्ष ‘तेर्मिनाल’. गुण वीसपैकी. बुधवारी अनेक शाळांना सुट्टी किंवा अर्धा दिवस. गणवेश सहसा नाही. एका मुलाने विचारलं, तिथे परिपाठाला प्रार्थना कोणती म्हणतात? मादामनी सांगितलं की ज्यूल फेरी यांच्या काळात, १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी, तिथलं सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष झालं, त्यामुळे सरकारी शाळेत प्रार्थना नसते. मग त्याला त्याच्या परिपाठाचं वाक्य करून दिलं: सकाळी आम्ही गातो, ‘ल मातां, ओं शांत’. जेवणासाठी तिकडे ‘कांतीन’ असते, आपल्याकडे वर्गातच डबा. ‘डबा’ हा शब्द त्यांनी फ्रेंच वाक्यात तसाच ठेवू दिला.

आता तक्रारी. मधल्या एका आठवड्यात मुलांच्या हाती फ्रान्समधल्या साहित्याच्या झेरॉक्स आल्या. वर्गातला हीटर, कोट अडकवायच्या खुंट्या, पावसात खेळायचं छप्पर असलेलं अंगण, शिवाय कंपासपेटीतल्या वस्तूंची लांबलचक यादी. न पाहिलेल्या वस्तूंचे शब्द मुलं विसरली आणि आधीचा ओघही तुटला. कंपासपेटी उघडून समोर असलेल्या सहा-सात वस्तू घेतल्या असत्या तर पुरे होतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. शेवटचे तास पालकांसमोरच्या सादरीकरणात गेले. प्रत्येक मुलाने उभं राहून तेच सांगितलं: माझी शाळा मोठी आणि सुंदर आहे, माझे शिक्षक प्रेमळ आहेत, मला माझी शाळा आवडते. नातीच्या शाळेत मैदान नाही, ती गच्चीवर खेळते, आणि ते तिला फ्रेंचमध्ये उत्तम सांगता येत होतं. पाठ केलेल्या ओळींत ते राहून गेलं. मराठी निबंधाचं आपण वर्षानुवर्षं जे करून ठेवलं आहे, ते फ्रेंचचं होताना पाहून मला वाईट वाटलं. मादामना मी हे बोलले. पालकांना अस्खलित ऐकायला आवडतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. नकाशा हातात देऊन मुलाला आपल्या आईबाबांना शाळा दाखवायला सांगावं. अडखळेल, पण स्वतःचं बोलेल.

फी तीन महिन्यांची साडेसहा हजार. वर्गात आठच मुलं असतात, तेव्हा ती मला वाजवी वाटते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आजी-आजोबांनी गुडघ्यांचा विचार करावा. लहान मुलांसाठी ‘देल्फ प्रीम’ ही परीक्षा असते, पण मादाम तिची घाई करत नाहीत. दहावीला मार्क मिळवून देणारी विदेशी भाषा एवढाच हेतू असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. नाव घालायला जाताना मुलाच्या शाळेचे चार-पाच फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. फाटक, वर्ग, जिना, मैदान असं. मादाम पहिल्याच तासाला ते मागतात.