बँडकॅम्पवरचे काही महिने: इलेक्ट्रॉनिक संगीत शोधता शोधता कान बदलला

गेल्या पावसाळ्यापासून इलेक्ट्रॉनिक संगीत मी जवळजवळ सगळं बँडकॅम्पवर शोधतेय आणि तिथूनच विकत घेतेय. त्याआधी कित्येक वर्षं एका स्ट्रीमिंग अ‍ॅपवर होते. एक डीप हाऊसचा (नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक संथ प्रकार) ट्रॅक आवडला की तिथे तसलेच ढीगभर समोर यायचे. सगळ्यांचा वेग एक, पोत एक. दुपार सरायची आणि एकाही कलाकाराचं नाव डोक्यात उरायचं नाही. ऐकणं उदंड होतं, पदरात काही पडत नव्हतं.

ज्यांना बँडकॅम्प माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे २००८ साली सुरू झालेलं संगीताचं ऑनलाइन दुकान. कलाकार किंवा लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) स्वतःचं पान उघडतं आणि किंमतही स्वतःच ठरवतं. काही जण 'तुम्हाला वाटेल ते द्या' एवढंच लिहितात. डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा बँडकॅम्प घेतं (विक्री वाढली की १० टक्के). कोविडमुळे सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा, मार्च २०२० मध्ये, त्यांनी एका शुक्रवारी हा वाटा सोडून दिला. तेव्हापासून वर्षातले काही शुक्रवार तसे असतात. मी यादी करत राहते आणि खरेदी त्या दिवशी करते.

शोधायचं कसं, हा खरा प्रश्न. टॅगवरून शोधायला गेलात तर बुडाल. 'अ‍ॅम्बिएंट' (ठेक्यापेक्षा वातावरणावर भर देणारं संगीत) टॅगखाली इतकं काही आहे की कोणाचं काय ऐकावं ते सुचत नाही. खरी वाट अल्बमच्या पानावरच असते. तिथे तो अल्बम विकत घेतलेल्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात. चित्रावर बोट ठेवलं की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. काहींनी आवडत्या ट्रॅकबद्दल दोन ओळीही लिहिलेल्या असतात. असाच एक अनोळखी संग्रह मला सापडला. त्यात बर्लिनचं डब टेक्नो (एकोत बुडालेलं संथ टेक्नो), जपानी अ‍ॅम्बिएंट आणि मालीचं ग्रिओ, म्हणजे पिढीजात गायक-कथेकऱ्यांचं, संगीत शेजारी शेजारी होतं. या माणसाने तीनही पैसे देऊन घेतलंय, म्हणजे त्याच्या कानात या तिघांना जोडणारं काहीतरी आहे. ते काय असेल, हे शोधण्यात मी कित्येक संध्याकाळी घालवल्या. एवढं मला कुठल्याच आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टने शिकवलं नव्हतं.

जोडीला डिस्कॉग्ज हवंच. २००० साली सुरू झालेली ही रेकॉर्डांची जंगी सूची. कोणी बनवलं, कोणी मास्टरिंग केलं, कोणत्या लेबलवर, कोणत्या साली, सगळं तिथे मिळतं. डब टेक्नोचा माग काढत मी त्यातूनच बेसिक चॅनलपर्यंत पोचले. मोरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टुस या बर्लिनच्या जोडीने १९९३ मध्ये सुरू केलेलं हे लेबल. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, एकच कॉर्ड, तिच्यावर एको, खाली ठेका, आणि हे दहा-बारा मिनिटं चाललंय. चांगल्या हेडफोनवर दुसऱ्यांदा ऐकलं की कळतं, कॉर्ड तीच असली तरी फिल्टर सतत सरकतोय आणि एकोचं शेपूट दर आवर्तनाला वेगळ्या ठिकाणी पडतंय. अर्नेस्टुस यांनी १९८९ मध्ये बर्लिनला हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान काढलं होतं. पुढे याच दोघांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वॅकीज या लॉइड बार्न्स यांच्या रेगे लेबलच्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा बाजारात आणल्या. त्यांच्यामागून मी गेले ती थेट सत्तरच्या दशकातल्या किंग्स्टनला, डबचे जनक मानले जाणारे ध्वनिमुद्रक किंग टबी यांच्या मिक्सिंग डेस्कपाशी. तिथे मिक्सिंग डेस्क हेच वाद्य होतं. टेक्नो शोधायला निघाले आणि जमैकाला पोचले, आणि आता डब रेगेच जास्त वाजतं.

माझी सुरुवात मात्र गोवा ट्रान्सने झाली होती, आणि ते मी टाकलेलं नाही. उलट आता ते वेगळ्या कानाने ऐकते. नव्वदच्या दशकात हणजुण्याच्या पार्ट्यांमध्ये डीजे विनाइलऐवजी डॅट टेप (डिजिटल आवाजाची छोटी कॅसेट) वाजवायचे, कारण उन्हात आणि प्रवासात रेकॉर्ड वाकायची. डॅटवर दोन ट्रॅकचे ठेके विनाइलसारखे जुळवता येत नसत. म्हणून ट्रॅकच्या तोंडाला आणि शेवटाला बिनठेक्याचे लांब तुकडे ठेवायची रीत पडली. पूर्वी हे तुकडे मी पुढे ढकलायचे, मिनिटाला १४५ ठोक्यांचा (बीपीएम) ठेका कधी सुरू होतो याची वाट बघत. आता त्या सुरुवातीसाठीच काही ट्रॅक पुन्हा लावते. गोव्यातल्या या पार्ट्यांचे जुने डीजे गोवा गिल ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. त्यांच्या चोवीस-चोवीस तासांच्या सेटबद्दल लोक का बोलतात, तेही आता जास्त उमगतं. तिथे एक ड्रॉप (ठेका जोरात कोसळतो तो क्षण) महत्त्वाचा नसतो, रात्र कशी चढत आणि उतरत जाते ते महत्त्वाचं असतं.

मला सगळ्यात जास्त बदललं ते दोन बायकांनी. एक लॉरी स्पीगल. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, खोली भरून टाकणाऱ्या संगणकावर त्या संगीत रचत होत्या. १९८० मध्ये आलेला त्यांचा अल्बम अनसीन वर्ल्ड्स या लेबलने २०१२ मध्ये बरंच न ऐकलेलं साहित्य घालून पुन्हा काढला. त्यातली शीर्षकरचना जवळपास अर्धा तास चालते. आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याला अभिमानाने माहीत असतं. त्याच तबकडीच्या ध्वनींच्या भागात स्पीगल यांनी केप्लरच्या ग्रहगणितावरून संगणकावर केलेली रचनाही आहे. केरीच्या केसरबाई आणि संगणकावरचे ग्रह एकाच तबकडीवर आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत.

दुसऱ्या फ्रान्सच्या एलियान रॅडिग. एआरपी २५०० हा सिंथेसायझर आणि टेप एवढ्यावर त्यांनी तासतासभराच्या रचना केल्या. ठेका नाही, चाल नाही. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मला वाट सापडली ती तानपुऱ्यामुळे. नीट लागलेल्या तानपुऱ्यातून न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो कोणी वाजवत नाही, तो उमटतो. रॅडिग ऐकताना कान असेच उमटणारे स्वर शोधायला लागतो. एक स्वर दुसऱ्याला घासतो, त्यातून स्पंद निघतात, ते हळूहळू विरतात, आणि तास संपतो. हे चालता-बोलता, काम करताना ऐकायचं संगीत नाही. मी आठवड्यातून एकदाच लावते, पण त्यानंतर बाकी सगळं ऐकण्याची पद्धतच बदलली.

भारतातलं काम शोधायला गेलात तर दोन नावं आधी घ्या. मुंबईचे चरणजित सिंग: हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेला माणूस. १९८२ मध्ये त्यांनी ललित, भूप, यमन, मालकंस असे दहा राग रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) यांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. शिकागोत ज्या रेकॉर्डने अ‍ॅसिड हाऊस (टीबी-३०३ च्याच आवाजावर उभं नाचाचं संगीत) जन्माला आलं असं मानतात ती १९८७ ची. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि ती मींडेला किती जवळची आहे हे या रेकॉर्डवर लख्ख ऐकू येतं. तेव्हा फारशी खपली नाही; २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. मला त्यातलं कौतुक 'आपण पहिले' यात वाटत नाही. रागाची शिस्त न मोडता यंत्राला गायला लावलंय, ते मोठं आहे.

दुसरं, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केलं. त्या टेप कपाटात पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह आला. काही तुकडे निव्वळ चाचपणी आहेत, हे मान्य. पण नवं यंत्र हाती आल्यावर माणसं त्याला काय काय विचारून बघतात ते ऐकायला मला आवडतं.

व्यवहाराचं आता. अल्बम साधारण ७ ते १० डॉलर, पौंड किंवा युरोला पडतो, त्यावर तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. म्हणजे महिन्याला एक-दोनच घेता येतात. बरेच अल्बम काही वेळा फुकट ऐकता येतात, मग विकत घ्यायची विनंती येते. मला हे पथ्यावर पडलं, कारण घ्यायचं की नाही हे ठरवायला लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि पैसे मोजलेला अल्बम पहिल्या खेपेला नाही भिडला तरी मी पुन्हा लावते. आज माझे सगळ्यात लाडके जे आहेत, त्यातले बरेच तिसऱ्या-चौथ्या खेपेला उलगडलेले. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) उतरवून घ्या. तासाभराच्या अल्बमला ३००-४०० एमबी लागतात, पण फाइल तुमची राहते. आणि ती राहणं गरजेचं आहे: २०२२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने बँडकॅम्प घेतलं, पुढच्याच वर्षी साँगट्रॅडर या संगीत परवान्यांच्या कंपनीला विकलं, त्यात जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे काय होईल त्याची हमी नाही, म्हणून मी घेतलेलं सगळं वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते.

नाचायला, व्यायामाला सतत नवं काहीतरी हवं असेल तर साधं स्ट्रीमिंगच बरं. हे दुकान सावकाश ऐकणाऱ्यांचं आहे. माझ्या पुढच्या शुक्रवारच्या यादीत सगळ्यात वर रॅडिग यांचं २००० नंतरचं काम आहे. तेव्हा त्यांनी सिंथेसायझर बाजूला ठेवला आणि सेलो, बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या जातीचं वाद्य) वाजवणाऱ्यांना समोर बसवून रचना करायला घेतल्या. ते कोणी ऐकलं असेल तर कुठून सुरुवात करू ते जरूर सांगा.