फ्रँचायझीचे अकरा लाख आणि करारातलं पान ११

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी दुकानाचं शटर ओढलं. पुढचे तीन महिने कोणी विचारलं की मी सांगायची, आतलं काम काढलंय. इंदूरच्या लोकमान्य नगरात आम्हाला ओळखणारी शंभर घरं तरी असतील, त्यांतल्या एकालाही खरं सांगितलं नाही. जिची फ्रँचायझी घेऊन मी दुकान काढलं, त्या कंपनीने त्याच तीन महिन्यांत उज्जैन आणि देवासमधल्या आणखी दोघींकडून पैसे घेतले. हे कळलं त्या दिवशी मी ठरवलं की आता जे झालं ते सगळं लिहायचं, आकड्यांसकट.

त्याआधी बारा वर्षं मी घरून डबे देत होते. भंवरकुआँच्या कोचिंगला आलेली मुलं, दोन बँकांतला स्टाफ, असे मिळून चाळीसेक डबे. हिशेब माझा, बाजार माझा, चव माझी. तरी घरात त्याला ‘तुझे ते डबे’ असंच म्हणायचे. हे मुद्दाम सांगते, कारण त्या लोकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी विजय नगरच्या एका हॉटेलात ‘महिला उद्योजिका मेळावा’ होता. मराठी न्याहारीची फ्रँचायझी, म्हणजे फी भरून कंपनीच्या नावाने आपलं दुकान चालवायचं: थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, पीयूष. आम्ही साठ-सत्तर बायका होतो. बोलणारे म्हणाले, “अहिल्यामातेच्या नगरीतल्या बायकांनी दुसऱ्याच्या हाताखाली का राबावं?” पडद्यावर एका बाईचा फोटो दाखवला, जमिनीपर्यंत पोचणारे केस. मार्था माटिल्डा हार्पर. लहानपणापासून लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिलेल्या या बाईने १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरला केशसज्जेचं दुकान काढलं आणि १८९१ पासून इतर कष्टकरी बायकांना त्याच नावाने दुकानं काढून दिली. फ्रँचायझीची सुरुवातच एका बाईने बायकांसाठी केली, असं ते म्हणाले. मग पैठणी नेसलेल्या एक ताई उठल्या. पुण्यात माझी तीन दुकानं आहेत, पहिल्याच वर्षी भांडवल सुटलं, असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही भरले.

फी एरवी आठ लाख, पण महिला दिनापर्यंत सही करणाऱ्या बाईला चार. ८ मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून कंपनीचा एक मुलगा ७ तारखेला सकाळी घरीच आला. “मैडम, आज का दिन निकल गया तो मेरे हाथ में कुछ नहीं.” हे म्हणाले, दोन दिवस थांबू. आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, इतकी घाई कसली? मला वाटलं, नेहमीप्रमाणे मला मागे ओढतायत. त्या दोघांचं तेव्हा ऐकलं नाही याची खंत आजही वाटते.

चार लाख फी, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२ हजार. साडेतीन लाखांची माझी एफडी मोडली, पाटल्या विकून दीड लाख आले. मुद्रा कर्जाची फाइल आम्हीच करून देतो म्हणून वर १५ हजार घेतले. बँकेत गेल्यावर कळलं की मुद्राने कर्जासाठी कोणताही एजंट नेमलेलाच नाही. अर्ज मीच भरला, ‘तरुण’ गटात सहा लाख मंजूर झाले. त्यातले ३ लाख ४० हजार तवे, फ्रायर, फ्रीज यांचे. हे सामान कंपनी सांगेल त्याच पुरवठादाराकडून घ्यायची सक्ती होती. २ लाख १० हजार सजावटीचे, ६० हजार जागेचं डिपॉझिट. झाले जवळजवळ अकरा लाख.

करार चौदा पानांचा, इंग्रजीतला. मी बीकॉम आहे, वाचू शकले असते. त्या मुलाने फक्त सहीच्या जागा दाखवल्या. “स्टँडर्ड फॉर्मेट है, सब मैडम लोगों ने यही साइन किया है.” दोन किलोमीटरच्या आत दुसरं दुकान देणार नाही, हे तोंडी. दरमहा ४० हजार सुटतीलच, तेही तोंडी. सोबत ‘सिक्युरिटी’ म्हणून माझे तीन कोरे, सही केलेले चेक.

दुकान मे महिन्यात अन्नपूर्णा रोडवर उघडलं. गर्दी झाली, खोटं बोलणार नाही. इंदूरची माणसं खाण्यावर जीव टाकतात, आणि रोज पोहे-जिलेबी खाणाऱ्याला खमंग थालीपीठ आवडणारच. तरी पैसे उरत नव्हते. आमचा सगळ्यात चांगला महिना ऑगस्टचा, विक्री १ लाख ४० हजार. कंपनीची भाजणी, मसाले, तयार पिठं मिळून ७१ हजार. भाडं १८, दोन मदतनीस मुलींचे २०, वीज-गॅस ११ हजार. रॉयल्टी (नाव वापरण्याबद्दल कंपनीचा हिस्सा) सहा टक्के, म्हणजे ८,४००. जाहिरातीचे दोन टक्के, २,८००. बँकेचा हप्ता १३ हजार. बेरीज करा: १ लाख ४४ हजार २००. सर्वांत चांगल्या महिन्यात ४,२०० रुपये खिशातून गेले, माझ्या मेहनतीची मजुरी शून्य धरून. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. म्हणजे मी बुडाले तरी त्यांचे ८,४०० पक्के. मिसळीचा जो मसाला ते ६४० रुपये किलोने पाठवत, त्यापेक्षा चांगला मी सियागंजातून सामान आणून ३०० च्या आत घरी कुटत आले आहे. पण बाहेरचा माल सापडला तर करार रद्द, फी जप्त.

सप्टेंबरमध्ये दुपारी एक बाई आल्या. थालीपीठ मागवलं, पण त्याला हात लावला नाही. बराच वेळ भिंतीवरच्या बोर्डाकडे बघत होत्या. शेवटी गल्ल्याशी येऊन हळूच म्हणाल्या, “ताई, तुम्हाला किती किलोमीटरचं सांगितलं होतं?”

त्यांचं दुकान सुदामा नगरात महिन्यापूर्वीच उघडलं होतं. तेच नाव, तीच फी, आमच्यात अंतर जेमतेम दीड किलोमीटर. त्यांच्याकडूनही तीन कोरे चेक घेतले होते. त्यांनी नवऱ्याच्या निवृत्तीच्या पैशातून भरले होते आणि घरात अजून सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांवर बसून करार उलटसुलट वाचले. ते मी मार्चमध्ये करायला हवं होतं.

पान ४: हक्क ‘नॉन-एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे शेजारच्या गाळ्यातही ते दुसरी शाखा देऊ शकतात. पान ९: करारात लिहिलं तेवढंच खरं, तोंडी आश्वासनं बाद. वाद झाला तर लवाद गुरुग्रामला. आणि पान ११. नाव, पाककृती, दुकानाचा फोन नंबर, ग्राहकांची यादी, यांतल्या कशावरही माझा हक्क नाही. पदार्थाचा भाव मी ठरवायचा नाही. करार संपल्यावर तीन वर्षं इंदूरमध्ये खाण्याचा कोणताही धंदा करायचा नाही. मेळाव्यात निदान पन्नास वेळा ‘मालकीण’ म्हणाले असतील. कागदावर माझ्या मालकीचं होतं ते फक्त कर्ज. ब्रँडचं नाव कंपनीचंच राहणार, हे कोणत्याही फ्रँचायझीत असतं, ते मला मान्य आहे. पण मग नेमकं माझं काय, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा असतो.

त्या रात्री माझ्या मुलीने लॅपटॉप उघडला. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पावतीवरचा नंबर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. सही करण्याच्या आधीच. म्हणजे ते ७२ हजार कराचे नव्हतेच. मग ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदीत नाव शोधलं. पदार्थांसाठी वर्ग ३०, उपाहारगृहासाठी वर्ग ४३. दोन्हीकडे अर्ज आक्षेपाखाली अडकलेला. ‘टीएम’ ही अक्षरं कोणीही लावू शकतो, पण गोलातलं ‘आर’ फक्त नोंदणी झालेल्या नावालाच लावता येतं. आमच्या बोर्डावर गोलातलं ‘आर’ होतं. नोंदणी नसताना ते लावणं हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली गुन्हा आहे. शेवटी कंपनी मंत्रालयाची नोंद पाहिली. ‘अकरा वर्षांचा अनुभव’ सांगणारी कंपनी मेळाव्याच्या आठ महिने आधी जन्मलेली, भरणा केलेलं भांडवल एक लाख. संचालकांच्या यादीत एक नाव ओळखीचं निघालं. पैठणीवाल्या ताई. हे सगळं बघायला आम्हाला पाऊण तास लागला आणि एक पैसाही नाही.

दुकान बंद केल्यावर त्यांची नोटीस आली, डबे सुरू केलेत तर दावा लावू. मी इतकी घाबरले की दोन महिने एकही डबा केला नाही. शेवटी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ वाचून दाखवलं: कोणाला आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. करार संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मी बारा डबे भरले. कोऱ्या चेकबद्दल त्यांनी बँकेला आणि कंपनीला लेखी कळवायला लावलं, कारण चेक न वटल्याचा खटला, कलम १३८ चा, हेच अशा लोकांचं हत्यार असतं.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, हेही मला तिथेच कळलं. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी कंपनीला तेवीस मुद्द्यांचा माहितीचा दस्तऐवज द्यावा लागतो. त्यात गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद पडल्या आणि शेवटच्या वर्षात कोण सोडून गेलं हेही येतं. आपल्याला ते कोणी आणून देणार नाही, मागावं लागेल. चालू दुकानांचे पत्ते मागू नका, ते ते देतातच. बंद पडलेल्यांचे मागा. त्या बायकांशी बोला, कंपनीचा माणूस शेजारी नसताना.

हार्परबाईंबद्दलही मी नंतर वाचलं. त्यांच्या दुकानांची गोष्ट खरी होती, म्हणून तर ती वापरली. पण त्या आपल्या बायकांना आधी शिकवून तयार करत, मग दुकान. पुढे त्यांच्या नावाची पाचशेवर दुकानं झाली. आम्हाला ‘प्रशिक्षण’ म्हणून मिळाली चार तासांची एक व्हिडिओ फीत.

आम्ही पाच जणी एकत्र आलो: इंदूरच्या तिघी, उज्जैनची एक, देवासची एक. पाच करार, पाच पावत्या, मेळाव्याचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरची ‘४० हजार पक्के’ ही आश्वासनं छापून, तारखा लावून पोलिस आयुक्तालयात दिली. माझी सही मार्च २०२४ ची, म्हणून जुनं ४२० कलम; १ जुलै २०२४ नंतर फसलेल्यांना भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं. एकटीची तक्रार ‘धंद्यात नुकसान झालं’ यात गेली असती. पाच जणींना एकच वाक्य, एकच आकडा सांगितलेला दिसला, तेव्हा त्याला फसवणूक म्हणता आलं.

पैठणीवाल्या ताईंनी जबाबात सांगितलं म्हणे, की मी फक्त सह्या करत होते, सगळं भाऊ बघायचा. ऐकून मला त्यांची दया आली नाही. पण त्या रात्री झोपही आली नाही. कंपनीच्या वर बाईचं नाव, दुकानांवर बायकांची नावं, आणि चेकबुक कोणाच्या हातात?

कोरे चेक परत मिळाले आहेत. पैसे नाहीत. हप्ता २०२९ पर्यंत चालेल. डबे आता छत्तीस झालेत, आणि घरात त्यांना ‘तुझे ते डबे’ असं आई आता कोणालाही म्हणू देत नाहीत.

गेल्या आठवड्यात रतलामहून एकीचा फोन आला. कंपनी वेगळी, पदार्थ वेगळे, पण निम्मी फी, महिलांसाठी खास, शनिवारपर्यंत मुदत. २५ हजार टोकन देऊन झालं आहे. ती म्हणाली, “ताई, सगळेच काही तसे नसतात.” ते खरंच आहे, मी नाही म्हटलं नाही. तिने काय ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. तिला मी माझा करार पाठवलाय, पान ११ ला खूण करून, आणि म्हटलंय की तुझ्या करारातलं तेच पान शोधून मला वाचून दाखव.