धरमपेठेतील ब्रिटिश राजकारणाचा अभ्यासवर्ग: सहा रविवारांचा अनुभव

नागपूरच्या धरमपेठेतील एका अभ्यासिकेने गेल्या हिवाळ्यात विसाव्या शतकातील ब्रिटिश राजकारणावर सहा रविवारांचा अभ्यासवर्ग घेतला. वेळ सकाळी दहा ते साडेबारा होती आणि छापील टिपणांसह शुल्क पंधराशे रुपये होते. पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत जेमतेम तीस खुर्च्या मावतात. त्यांवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, काही वकील आणि आमच्यासारखे निवृत्त लोक बसत. दर डिसेंबरात आपल्या शहरात हिवाळी अधिवेशन भरते. तेथील प्रश्नोत्तराचा तास, अविश्वास ठराव, दोन सभागृहांची रचना हे सारे कोठून आले आणि कोणत्या भांडणांतून घडले, ते नीट समजून घ्यावे या हेतूने मी नाव नोंदवले होते.

तो हेतू पहिल्याच दिवशी बऱ्याच अंशी सफल झाला. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी 1909 मध्ये मांडलेला अर्थसंकल्प, म्हणजे वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि नौदल यांसाठी श्रीमंतांवर व जमिनीवर कर बसवणारा तो प्रस्ताव, उमरावांच्या सभागृहाने, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने फेटाळला. त्यानंतर 1910 मध्ये दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि अखेर 1911 च्या कायद्याने उमरावांचा नकाराधिकार काढून घेण्यात आला: धन विधेयक ते महिनाभरापेक्षा अधिक अडवू शकत नाहीत आणि इतर बहुतेक विधेयके त्यांना फक्त लांबणीवर टाकता येतात. हे सांगून झाल्यावर सरांनी आपल्या संविधानातील 198 वा अनुच्छेद वाचून दाखवला, ज्यानुसार विधान परिषदेने धन विधेयक चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा त्यांशिवाय परत पाठवायचे असते. कलम पाठ असणाऱ्या मुलांनाही त्यामागचा हा झगडा ठाऊक नव्हता, आणि वर्गाचे शुल्क माझ्या मते तेथेच वसूल झाले.

तिसरा रविवार सर्वांत समृद्ध होता. 5 जुलै 1945 रोजी मतदान झाले, परंतु परदेशी तैनात असलेल्या सैनिकांची मते यायची असल्याने निकाल 26 जुलैला लागला. युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिल यांच्या पक्षाचा पराभव झाला आणि 640 पैकी 393 जागा मजूर पक्षाला मिळाल्या. मतदारांना कृतघ्न ठरवून सरांनी हा प्रसंग संपवला नाही. सामाजिक सुरक्षेविषयीच्या 1942 च्या बेव्हरिज अहवालापर्यंत ते मागे गेले आणि अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती व बेकारी या पाच महाशत्रूंविषयीचा तो दस्तऐवज सामान्य माणसाने किती आशेने वाचला असेल, हे त्यांनी उलगडून दाखवले. रंगपूर येथे जन्मलेले हे बेव्हरिज 1919 ते 1937 या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध पूर्ण करत असताना ती संस्था बेव्हरिज यांच्याच हाती होती. दीक्षाभूमीच्या शहरात हा धागा कोणी जोडून दाखवावा, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

त्यानंतर अन्यूरिन बेव्हन यांच्यावर जवळजवळ तास गेला. वेल्समधील खाणकामगाराचा हा मुलगा स्वतःही कोवळ्या वयात खाणीत उतरला होता. आरोग्यमंत्री झाल्यावर डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध अंगावर घेत, तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहण्याची सवलत देत, 5 जुलै 1948 रोजी त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. मेडिकल आणि मेयो या शहरातील सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आयुष्य काढलेल्या एका परिचारिकाबाईंनी या सेवेचा पैसा कोठून येई, असे विचारले. मुख्यतः सर्वसाधारण करांतून, हे उत्तर देऊन सरांनी पुढचा पेचही सांगितला: कृत्रिम दात आणि चष्म्यांवर शुल्क लावण्याचा निर्णय झाला, तेव्हा 1951 मध्ये बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी म्हणजे काय (निर्णय मान्य नसेल तर मंत्र्याने पद सोडायचे), हे या एका राजीनाम्यातून जितके कळले तितके व्याख्या वाचून कळले नसते.

याच कसोटीवर पुढचे रविवार उणे पडतात. 1956 चा सुएझ कालव्याचा पेच, मॅकमिलन, विल्सन, हीथ आणि 1973 मधील युरोपीय समुदायातील प्रवेश हे सर्व एका बैठकीत उरकल्यामुळे पंतप्रधानांची यादी तेवढी हाती उरली. 28 मार्च 1979 चा अविश्वास ठराव मात्र सुरेख रंगला. मजूर पक्षाचे कॅलहॅन सरकार 311 विरुद्ध 310 असे एका मताने पडले. मजूर पक्षाचे एक सदस्य अत्यवस्थ होते आणि त्यांना सभागृहात आणायचे नाही असे ठरले होते. 1999 मध्ये वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असे पडले, तो दिवस आठवणारे आम्ही सर्वच त्या क्षणी स्तब्ध झालो. मार्गारेट थॅचर यांच्यावरील विवेचन समतोल होते: सरकारी घरे भाडेकरूंना विकण्याचे धोरण, 1984-85 चा खाणकामगारांचा संप, दरडोई कर, आणि तीन निवडणुका जिंकूनही 1990 मध्ये स्वपक्षामुळेच सोडावे लागलेले पद, हे सारे त्यात आले.

उत्तर आयर्लंडला मिळालेली पंधरा मिनिटे मात्र मला अन्यायकारक वाटली, कारण तेथील हिंसक संघर्षावर तोडगा काढणाऱ्या 1998 च्या कराराविना त्या शतकाचा शेवट समजूच शकत नाही. टिपणांतही एक गंभीर चूक आहे: उमरावांचा विलंबाधिकार दोन वर्षांवरून एक वर्षावर आणणारा 1949 चा कायदा 1911 च्याच मथळ्याखाली छापला गेला असून परीक्षार्थींची त्यामुळे दिशाभूल होईल. चौथ्या रविवारची टिपणे पंधरा दिवस उशिरा मिळाली, याचीही येथे नोंद करतो.

संस्थेला मी लेखी कळवले आहे की आणखी अडीचशे रुपये घ्यावेत, परंतु सातवा रविवार वाढवून तो बेलफास्ट, एडिनबरा आणि कार्डिफ, म्हणजे उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना द्यावा. तसे झाले तर मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.