हनोई की सायगॉन: इंग्रजीच्या शिक्षकाने आधी वेळापत्रक पाहावे

व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसापुढे पहिला पेच शहराचा असतो, आणि त्याला मिळणारे सल्ले बहुधा पर्यटकांच्या नजरेतून दिलेले असतात: हनोई म्हणजे जुने, शांत, तळ्यांचे शहर आणि सायगॉन, म्हणजे कागदोपत्रीचे हो ची मिन्ह सिटी, हे पैशाचे आणि झगमगाटाचे. दोन्ही शहरांत शिकवल्यानंतर मला हा निकष अपुरा वाटतो. शिक्षकाच्या पदरात शहर किती पडणार हे त्याच्या तासिका कोणत्या वेळी आहेत यावर ठरते, म्हणून आधी कामाचा प्रकार आणि मग शहर, असा क्रम लावावा.

काम मुख्यतः दोन प्रकारचे आहे. खासगी भाषा केंद्रांचे वर्ग मुले शाळेतून सुटल्यावर, म्हणजे साधारण साडेपाच ते रात्री नऊ या वेळेत भरतात आणि शनिवार-रविवार तर सकाळपासूनच चालतात. सरकारी शाळांतले काम दिवसाचे असते: सकाळी लवकर सुरुवात, दुपारी चांगली दीड-दोन तासांची विश्रांती, वर्गात चाळीसहून अधिक मुले आणि बहुतेकदा मधे एखादी कंत्राटदार संस्था. कागदपत्रांची यादी दोन्ही शहरांत सारखीच आहे: पदवी, शिकवण्याचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर जास्तीत जास्त दोन वर्षांचे वर्क परमिट. भारतीय पासपोर्टधारकाकडून इंग्रजी प्रावीण्याचे प्रमाणपत्रही मागितले जाते आणि ‘नेटिव्ह’ म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकापेक्षा कमी दर पुढे केला जातो. हा भेदभाव दोन्हीकडे उघडपणे चालतो, त्यामुळे त्यावरून शहर निवडण्यात अर्थ नाही. मात्र सायगॉनमध्ये केंद्रे अधिक असल्याने आणि फिलिपिनो शिक्षकांची तिथे आता चांगलीच सवय झालेली असल्याने एका ठिकाणी नकार मिळाला तरी दुसरे दार ठोठावता येते.

संध्याकाळच्या केंद्रात काम करणाऱ्याला सायगॉन निःसंशय मानवते. रात्री नऊला वर्ग सुटला तरी त्या शहराची रात्र नुकतीच सुरू झालेली असते. पदपथावरच्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या असतात, कॉम ताम म्हणजे कणीभाताची ताटली उशिरापर्यंत मिळते आणि सहकाऱ्यांबरोबर दोन घटका बसायला जागा शोधावी लागत नाही. हनोई लवकर निजते. तिथला फो (रश्शातल्या तांदळाच्या शेवया) आणि बुन चा (भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबरच्या शेवया) यांची सर दक्षिणेत कशालाच नाही असे माझे ठाम मत आहे, परंतु बुन चा हे मुळात दुपारचे खाणे. रात्री साडेनऊला भुकेला शिक्षक रस्त्यावर येतो तेव्हा आवडत्या दुकानाचे शटर बहुधा अर्धे खाली आलेले असते.

याच घड्याळाला सायगॉनचा पाऊस मात्र अडचणीत आणतो. मे ते नोव्हेंबर हा तिथला पावसाळा, आणि सर येते ती बहुतेकदा दुपार कलताना, नेमकी केंद्राकडे निघायच्या वेळी. आभाळ काळवंडले की शेकडो दुचाकी एकदम रस्त्याच्या कडेला थांबतात, प्रत्येकाच्या सीटखालून रेनकोट निघतो (जोडप्यांसाठी दोन डोकी बाहेर काढता येतील असा, पुढे दिव्यासाठी पारदर्शक तुकडा लावलेला), आणि मिनिटभरात तो सगळा तांडा पुन्हा वाहू लागतो. सखल भागांत भरतीचे पाणी त्यात भर घालते. ओल्या बुटांनी सहा वर्षांच्या मुलांपुढे नाचून गाणी म्हणायची असतील, तर एक जोड कायम केंद्रातच ठेवलेला बरा. 22 डिसेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या पहिल्या मेट्रोने, बेन थान्ह ते सुओई तिएन या मार्गाने, परदेशी लोकांच्या आवडत्या थाओ दिएन भागातून शहराच्या मध्यापर्यंत कोरडे पोहोचण्याची सोय केली आहे. पण थाओ दिएनची भाडी शिक्षकाच्या खिशाला जड आहेत. मेट्रोच्याच वाटेवर, मध्य शहराला लागून असलेले बिन्ह थान्ह मला अधिक पटते. 1 जुलै 2025 पासून प्रशासनाने जिल्हे रद्द केले असले तरी घर दाखवणारा दलाल अजूनही जुन्याच जिल्ह्यांच्या नावांनी बोलतो, हेही ध्यानात ठेवावे.

दिवसाच्या शाळेत काम मिळत असेल तर पारडे हनोईकडे झुकते. संध्याकाळ मोकळी मिळते आणि ताय हो या विस्तीर्ण तळ्याकाठी राहणाऱ्याला ती खऱ्या अर्थाने उपभोगता येते. होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात, तो आनंदही शनिवार-रविवार वर्गात अडकलेल्याच्या वाट्याला फारसा येत नाही. सुट्टी जोडून मिळाली की निन्ह बिन्हचे चुनखडीचे डोंगर रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहेत. हनोईच्या दोन्ही मेट्रो मार्गांचा ताय होला मात्र काडीचा उपयोग नाही.

तरीही हनोईच्या हवामानाबद्दल कोणी पुरेसे बजावत नाही, ही माझी तक्रार आहे. डिसेंबरपासून हवा इतकी बिघडते की जगातील प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत हनोई अधूनमधून अगदी वर जाऊन बसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झिमझिम आणि दमटपणा यांचा असा काळ येतो की फरशीला घाम फुटतो, आरसे धुकटतात, वाळत घातलेले कपडे दोन दिवसांनीही ओलसरच लागतात आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट बुरशी चढते. कोकणातल्या श्रावणाची सवय असलेल्यालाही हे जड जाते, कारण कोकणात घर त्यासाठी बांधलेले असते. घर पाहताना हवेतला दमटपणा शोषणारे यंत्र आहे का, हे वायफायच्या आधी विचारावे.

शाकाहारी माणसाला दोन्हीकडे ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी) अशी पाटी तारते. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अशा दुकानांत स्थानिकांचीच रांग असते. इतरत्र मात्र माशाचा सॉस नसलेला रस्सा मिळणे कठीण. वरण-भाताच्या आसपासचे काही हवे झाले तर भारतीय खाणावळी सायगॉनच्या मध्य भागात सहज सापडतात.

मध्य व्हिएतनाममधले दानांग शहर आणि त्याच्या समुद्रकिनाऱ्याबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. तिथे राहणे सुखाचे आहे, पण कामे मोजकी आहेत आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारे परदेशी फार. हाती नोकरी असल्याशिवाय तिथे जाऊ नये.

करारावर सही करताना दोन कलमे नीट वाचावीत: रद्द झालेल्या तासिकांचे पैसे मिळतात का, आणि तेतच्या म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुट्टीत पगार चालू राहतो का. ताशी मानधनावर असणाऱ्याला या सुट्टीत बहुधा काहीच मिळत नाही, त्यामुळे जानेवारीत रुजू होणे परवडत नाही. भरती तेत उरकल्यावर होत असेल तर सायगॉन घ्यावे, कारण तिथे मे महिन्यापर्यंत रस्ते कोरडे असतात. ऑगस्ट अखेरीस, नव्या शालेय वर्षाच्या तोंडावर बोलावणे आले, तर हनोईला जावे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे तिथले वर्षातले सर्वांत चांगले महिने, आणि शाळांत शिक्षकदिन 20 नोव्हेंबरला असल्याने फुलांचे गुच्छही पदरात पडतात.