रिको जीआर थ्री : खिशात मावतो, पण खिशात ठेवू नये

जीआर थ्री आपल्याला झेपेल का, हे पाहायला कॅमेऱ्याच्या दुकानात जायची गरज नाही. दोन दिवस फोनवर झूमला हात न लावता फक्त मुख्य लेन्सने फोटो काढा. ती साधारण २४ ते २६ मिमीची असते आणि जीआर थ्रीची नजर २८ मिमीची आहे, म्हणजे जवळपास तीच. दर दुसऱ्या फोटोला 'अजून थोडं जवळ हवं होतं' असं वाटत राहिलं, तर हा कॅमेरा तुमचा नाही. त्याचा भाऊ जीआर थ्रीएक्स ४० मिमीचा आहे, तो पाहावा. तोही अपुरा वाटला, तर झूम असलेलं काहीतरी घ्यावं आणि हा लेख इथेच सोडावा. या दोन्ही कॅमेऱ्यांना झूम नाही आणि लेन्स बदलता येत नाही.

कागदावरचे आकडे थोडक्यात. जीआर थ्री २०१९ साली बाजारात आला. आत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर आहे, म्हणजे बऱ्याच मध्यम किमतीच्या डीएसएलआरमध्ये असतो त्याच मापाचा. लेन्स १८.३ मिमी एफ/२.८. (वरचे २८ आणि ४० हे आकडे फुल-फ्रेम मापात बदलून सांगितलेले, लेन्सची खरी लांबी त्याहून कमी. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, अर्थात अ‍ॅपर्चर. आकडा मोठा तितकं छिद्र लहान.) बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम. २०२१ साली आलेल्या थ्रीएक्समध्ये तोच साचा आहे आणि २६.१ मिमीची लेन्स. तुलनेसाठी सांगायचं तर फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दुप्पट जड. अर्थात त्याला डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर आहे आणि वरखाली होणारी स्क्रीन आहे. इथे दोन्ही नाहीत. २०२५ मध्ये जीआर फोर आल्यापासून लोक जुने थ्री विकायला काढू लागले आहेत. म्हणूनच थ्रीबद्दल आता लिहिण्यात अर्थ आहे. बहुतेकांना तो वापरलेलाच मिळणार.

या कॅमेऱ्याची खरी कमाई सेन्सरमध्ये नाही, हाताच्या रचनेत आहे. चालू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. पुढची चकती तर्जनीखाली आणि मागची एडीजे पट्टी अंगठ्याखाली येते. डावा हात छत्रीत, पिशवीत किंवा लोकलच्या कडीत अडकलेला असला तरी काम अडत नाही. बहुतेक बटणांना आपल्याला हवं ते काम नेमून देता येतं आणि डायलवर यू१, यू२, यू३ असे तीन खाने आहेत, त्यांत आपल्या सेटिंग साठवता येतात. अ‍ॅप डिझाइन करणाऱ्यांनी हा कॅमेरा आठवडाभर जवळ ठेवावा. कोणती गोष्ट वर हवी, कोणती दोन पायऱ्या खाली चालेल, हे ज्याने ठरवलं त्याने रस्त्यावर उभं राहून फोटो काढलेले आहेत हे कळतं.

स्नॅप फोकस शिकायचा नसेल तर जीआर घेऊन उपयोग नाही. यातला ऑटोफोकस दिवसा ठीकठाक आहे, पण अंधुक उजेडात अडखळतो, मागेपुढे शोधत राहतो आणि तोवर माणूस निघून जातो. स्नॅप फोकसमध्ये अंतर आपण आधीच ठरवून ठेवायचं आणि 'फुल प्रेस स्नॅप' चालू करायचं. मग बटण अर्धं न दाबता एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधतच नाही, ठरलेल्या अंतरावर फोटो घेतो. बटण हळू अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस. दोन्ही एकाच बोटात.

अंतर किती ठेवायचं याचा हिशेब सोपा आहे. २८ मिमीच्या थ्रीवर एफ/८ आणि २.५ मीटर ठेवलं, की साधारण १.१ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. गल्लीत, बाजारात, फलाटावर हेच ठेवून विसरून जावं. उजेड कमी झाला आणि एफ/५.६ वर यावं लागलं, तर १.५ मीटरला १ ते ३ मीटरचा पट्टा मिळतो. चहाच्या टपरीपुढे तो पुरतो. एफ/२.८ वर २.५ मीटर ठेवलं तर साधारण १.८ ते ४.३ मीटर, म्हणजे अंदाज चुकायला जागा कमी. थ्रीएक्स घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. ४० मिमीवर तेच एफ/८ आणि २.५ मीटर ठेवलं, तर पट्टा १.६ पासून ६ मीटरवरच संपतो. त्यामुळे थ्रीसाठी वाचलेल्या सेटिंग थ्रीएक्सवर जशाच्या तशा उचलल्या, तर मागची देवळं आणि डोंगर किंचित मऊ येतात आणि दोष लेन्सला दिला जातो.

यू१ मध्ये म्हणून हे भरून ठेवावं: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८, स्नॅप २.५ मीटर, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००, किमान शटर १/२५० सेकंद. चालती माणसं १/१२५ वर हललेली येतात, कारण स्थिरीकरण आपला हात सावरतं, समोरच्याचा पाय नाही. यू२ आतल्या जागांसाठी: एफ/२.८, एका बिंदूवरचा ऑटोफोकस, किमान शटर १/३०. यू३ ज्याचं त्याने ठरवावं. पुष्कळ जण तिथे उच्च काँट्रास्टचं कृष्णधवल ठेवतात. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा जीआर वापरतात हे त्यामागचं एक कारण, आणि फोटो भडक दिसला की तो चांगला वाटतो हे दुसरं.

भर दुपारच्या उन्हात एक गोष्ट हमखास चुकते. कॅमेऱ्याचं शटर लेन्समध्येच आहे. त्यामुळे आवाज जवळजवळ नसतो आणि बाहेरून लावलेला फ्लॅश वेगवान शटरवरही चालतो, पण एफ/२.८ वर शटर १/२५०० च्या पुढे जात नाही. १/४००० मिळायला एफ/५.६ किंवा त्याहून बारीक अ‍ॅपर्चर लागतं. आता कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला साधारण १/४००० हवं असतं. कॅमेरा १/२५०० वर थांबतो आणि फोटो पांढरट येतो. यासाठी आत दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, बसवलेला आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो ऑटोवर ठेवावा. एचडीएफ नावाच्या आवृत्तीत हा एनडी काढून त्याजागी उजेड पसरवणारा फिल्टर घातला आहे. आपल्याकडच्या उन्हात ती आवृत्ती घेणं शहाणपणाचं नाही. पावसाळ्यात धबधब्यावरही हाच एनडी उपयोगी पडतो. ढगाळ उजेडात एफ/११ ला जिथे १/३० मिळतं, तिथे एनडी लावला की १/८ मिळतं, आणि हात स्थिर असेल तर तिपाईशिवाय पाणी रेशमासारखं येतं.

पांढरे कपडे हा दुसरा खड्डा. वारीत भर उन्हात धोतर, सदरे आणि टोप्या एकत्र आल्या, की साध्या मीटरिंगवर (कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्यावर) त्यांच्या घड्या जळून जातात. हायलाइटला, म्हणजे उजळ भागाला, झुकतं माप देणारं मीटरिंग यात आहे, ते वापरावं किंवा एक्सपोजर उणे ०.७ वर ठेवावं. सावलीतले चेहरे रॉ फाइलमधून (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून) वर काढता येतात, जळलेला पांढरा परत येत नाही. रॉ फाइल डीएनजीमध्ये मिळते, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

लेण्यांत हा कॅमेरा फार शोभतो. अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आहे, आणि इथे तर आत फ्लॅशच नाही. एफ/२.८, १/१५ आणि आयएसओ १६०० ते ३२०० इथून सुरुवात करावी. चार स्टॉपचं स्थिरीकरण एवढं सहज पेलतं, भिंतीवरचं चित्र काही हलत नाही. कोपरे एफ/४ वर जास्त नीट येतात, तेव्हा हात साथ देत असेल तर एक स्टॉप सोडावा. खांब तिरके यायला नको असतील तर स्क्रीनवरची लेव्हल चालू ठेवून कॅमेरा सरळ धरावा. २८ मिमीला थोडासाही वर वाकवला की वेरूळचे खांब मागे पडल्यासारखे दिसतात.

आता धूळ. जीआरचं सगळ्यांत मोठं दुखणं हे आहे आणि ते लपवून ठेवण्यात कोणाचंच भलं नाही. चालू करताना लेन्स बाहेर येते तेव्हा भात्यासारखी आजूबाजूची हवा आत ओढते. हवेबरोबर जे काही असेल ते सेन्सरवर जाऊन बसतं. लेन्स निघत नाही, म्हणून सेन्सर घरी पुसता येत नाही. धूळ झटकणारं कंपन आत आहे, पण ते सुटे कण पाडतं, चिकटलेले नाही. जाहिरातीत कॅमेरा खिशात मावतो असं म्हणतात, आणि खिशातल्या सुताच्या तंतूंनीच तो बाद होतो. चेन असलेली छोटी पिशवी घ्यावी, ती आतून आठवड्याला झटकावी आणि कॅमेरा चालू करण्याआधी लेन्सच्या कडेला रबरी ब्लोअरने दोन फुंका माराव्यात. दाबलेल्या हवेचा डबा वापरू नये, तो कण आणखी आत ढकलतो. व्हॅक्यूम क्लिनर लावून धूळ ओढून काढणारेही आहेत. वॉरंटी शिल्लक असताना तो प्रयोग नको.

जास्त खात्रीचा उपाय म्हणजे लेन्सभोवतीची कडी काढून अडॅप्टर नळी लावायची आणि पुढे ४९ मिमीचा साधा फिल्टर चढवायचा. लेन्स नळीच्या आत सरकते, बाहेरच्या धुळीशी तिचा संबंध कमी येतो. कॅमेरा मात्र मग खिशाचा राहत नाही. जेजुरीला भंडारा उधळत असताना किंवा विसर्जनाच्या गुलालात नळीशिवायचा जीआर बाहेर काढूच नये. हळदीची पूड इतकी बारीक असते की ती थांबवायला इथे काहीच नाही. त्या दिवशी फोन वापरा.

पाण्याचंही तसंच. कुठेही रबरी सील नाही. सह्याद्रीतल्या भुरभुरीत छत्रीखाली चालेल, वाऱ्याच्या पावसात नाही. एसी गाडीतून उतरून कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा लगेच चालू केला, तर लेन्सवर आतून बाष्प धरतं. तो पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला रुळू द्यावा. चार महिने कपाटात ठेवायचा असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रतेचा ड्राय बॉक्स हवा. बुरशी धरलेली लेन्स इथे वेगळी काढून साफ करायला देता येत नाही, अख्खा कॅमेराच द्यावा लागतो.

बॅटरी कंपनीच्या हिशेबाने २०० फोटोंची. दिवसभराच्या भटकंतीला तीन लागतात. डीबी-११० नावाची ही बॅटरी ऑलिंपसच्या एलआय-९०बी आणि ९२बी यांच्या मापाची आहे, त्यामुळे जोडबॅटऱ्या शोधणं सोपं जातं. यूएसबी-सीवर पॉवर बँकेने कॅमेऱ्यातच चार्ज होते. वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवलं की फरक जाणवतो.

आणि तसंही ते बंदच ठेवाल, कारण इमेज सिंक हे सोबतचं अ‍ॅप. कॅमेरा ज्यांनी इतका विचारपूर्वक घडवला, त्यांच्याच घरातून हे आलं यावर विश्वास बसत नाही. आधी ब्लूटूथने जोडायचं, मग कॅमेऱ्याच्या वायफायवर जायचं. तेवढा वेळ फोनचा इंटरनेटशी संबंध तुटतो, आणि नेमका फोटो कुणाला पाठवायचा असतो तेव्हाच. कितवी पायरी अडली हे अ‍ॅप नीट सांगतही नाही. यूएसबी-सीचा कार्ड रीडर घ्या आणि हा विषय मिटवा. रॉवरून जेपेग कॅमेऱ्यातच तयार करता येतं, ते करून मग कार्ड फोनला लावावं. कार्ड घरी राहिलं तर आतली २ जीबी जागा अडचणीला आहे, फक्त तेव्हा रॉ बंद करावं.

वापरलेला घेताना विक्रेत्यासमोर भिंतीचा फोटो काढावा. पांढरी भिंत, एफ/१६, फोकस मुद्दाम चुकीचा, एक्सपोजर अधिक १, आणि शटर पाव सेकंदाच्या आसपास येईल तेव्हा कॅमेरा किंचित हलवत. भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे काळे ठिपके जागच्या जागी राहतात. फोटो मोठा करून चारही कोपरे पाहा. मग मेनूतून धूळ झटकण्याची क्रिया चालवून पुन्हा काढा. ठिपका तसाच असेल तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करून बोला. एफ/४ वर काढलेला फोटो दाखवून 'बघा, स्वच्छ आहे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. उघड्या अ‍ॅपर्चरला धूळ दिसतच नाही. मागची गोल चकती सैल डुगडुगते का आणि लेन्स बाहेर येताना खरखरते का, तेही पाहा. चकती थोडी सैल असणं यात नवीन नाही, खरखर मात्र वाळूची असते. बिलावर वॉरंटी कोणत्या देशाची लिहिली आहे ते वाचा, परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्याची इथे दखल घेतली जाईलच असं नाही.