शेरीचं पिंप की बर्बनचं?

सांगलीतली गच्ची, चौघं मित्र, व्हिस्कीच्या दोन बाटल्या: ग्लेनड्रोनॅक १२ आणि ग्लेनमॉरंजी १० (आकडे मुरल्याच्या वर्षांचे). दोन्ही स्कॉटलंडच्या हायलँड भागातल्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या जवापासून केलेल्या. खरा फरक पिंपाचा.

ग्लेनमॉरंजी मुरते ती आधी बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, मुरलेल्या ओकच्या पिंपात. रंग फिका, वास व्हॅनिला आणि संत्र्याच्या सालीचा, अल्कोहोल ४० टक्के. हलकी, सरळ. नावं ठेवायला जागा नाही, पण दहा मिनिटांत गप्पा दुसरीकडे वळल्या.

ग्लेनड्रोनॅकचा ग्लास मात्र तासभर हातातून सुटेना. ही शेरी या स्पेनच्या कडक वाइनच्या पिंपांतली, पेड्रो हिमेनेझ आणि ओलोरोसो या दोन प्रकारांच्या, ४३ टक्के. आमच्यातला तासगावचा बेदाणेवाला नाक खुपसून म्हणाला, "आयला, हा तर आपल्या शेडचा वास!" आणि गडी चुकला नव्हता. पेड्रो हिमेनेझची द्राक्षं पिळण्याआधी वाळवून जवळजवळ बेदाणाच करतात. आपण सावलीत वाळवतो, ते उन्हात. मागून सुंठ, कडवट कोको. चार थेंब पाणी टाकलं तर अंजीर वर आलं.

घोळ भडंगानं केला. लसूण-मिरचीपुढं दोन्ही माल्ट सारख्याच लागायला लागल्या! मग खारे दाणे काढले.

बर्बनला कायद्यानं नवंच पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मुबलक मिळतात. शेरीची महाग. पहिल्यांदा माल्ट पिणाऱ्याला मी ग्लेनमॉरंजीच देईन. डिसेंबरच्या थंडीत स्वतःसाठी मात्र ती बेदाण्याची बाटली, आणि भडंग घरातच.